द चोझन : वाचकांचा प्रतिसाद

द चोझन : अमेरिकन ज्यू कादंबरीकार हाइम पोटोक (१९२९–२००२) यांची १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेली पहिली कादंबरी. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनच्या विल्यम्सबर्ग वस्तीत पाच रस्त्यांच्या अंतराच्या आत राहणाऱ्या रूवेन माल्टर आणि डॅनी सॉन्डर्स या दोन ज्यू मुलांच्या मैत्रीची ही कथा. गोष्ट सुरू होते तेव्हा दोघे पंधरा वर्षांचे असतात. ती संपते तेव्हा त्यांचे महाविद्यालयीन शिक्षण पुरे झालेले असते. न्यूयॉर्क टाइम्सच्या सर्वाधिक खपाच्या यादीत ही कादंबरी ३९ आठवडे होती आणि पुढे तिच्या ३४ लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. अमेरिकेच्या नॅशनल बुक अवॉर्डच्या अंतिम यादीत तिचा समावेश झाला होता आणि एडवर्ड लुइस वॉलंट पुरस्कार तिला मिळाला. अमेरिकन शाळांमध्ये ती आजही अभ्यासाला लावली जाते, त्यामुळे तिचे वाचक पिढीमागून पिढी बहुधा नायकांच्याच वयाचे राहिले आहेत.

कादंबरीची सुरुवात भांडणाने होते. दुसरे महायुद्ध चालू आहे. धार्मिक शाळेत तालमूद हा धर्मग्रंथ शिकणारी ज्यू मुलेही इतर अमेरिकन मुलांइतकीच काटक आहेत हे दिसावे, म्हणून शाळाशाळांत बेसबॉलचे सामने भरवले जातात. डॅनीचा संघ हसिदी पंथाच्या मुलांचा : कानांशेजारी वाढवलेल्या बटा, सदऱ्याखालून डोकावणारे धार्मिक गोंडे. रूवेनच्या संघातली मुलेही धर्म पाळणारीच, पण हसिदी मुलांच्या लेखी ती पाखंडी. डॅनीने टोलवलेला चेंडू रूवेनच्या चष्म्यावर येतो आणि काचेचा तुकडा डोळ्यात जातो. डॅनी माफी मागायला रुग्णालयात येतो, तर रूवेन त्याला हाकलून देतो. मुलाने असे केले हे कळल्यावर रूवेनचे वडील, तालमूदचे शिक्षक डेव्हिड माल्टर, रागावतात. क्षमा मागायला आलेल्याचे निदान ऐकून तरी घ्यावे, हा धर्मग्रंथाचा दंडक ते मुलाला सांगतात. दुसऱ्या भेटीत मैत्री जुळते. पन्नास-साठ पानांत अनोळखी वाचक या जगात रुळतो, त्याला कारण ही रचना आहे. हसिदी म्हणजे कोण हे लेखक समजावत बसत नाही; रूवेनलाही ते पुरते माहीत नसते आणि त्याच्याबरोबर वाचकाला कळत जाते.

कादंबरीच्या खपाने समीक्षक गोंधळले. शेल्डन ग्रेबस्टीन यांनी १९७५ मध्ये यावरच स्वतंत्र लेख लिहिला. कादंबरीत प्रेमकथा नाही, शरीरसंबंध नाहीत, हिंसा जवळजवळ नाही. पानेच्या पाने तालमूदच्या अर्थनिर्णयाला दिलेली. असे पुस्तक लाखोंनी का वाचले, हा त्यांचा प्रश्न होता. त्या काळाकडे पाहिले की उत्तराचा काही भाग सापडतो. सॉल बेलो यांची ‘हरझॉग’ १९६४ ची, बर्नार्ड मॅलमड यांची ‘द फिक्सर’ १९६६ ची. ज्यू लेखक अमेरिकन साहित्याच्या मध्यभागी आले होते, पण त्यांचे नायक बहुधा धर्मापासून दूर गेलेले असत. पोटोक स्वतः कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाचे दीक्षित रब्बाय (ज्यू धर्मगुरू). त्यांचे दोन्ही नायक शेवटपर्यंत धर्म सोडत नाहीत आणि तरीही आधुनिक विद्या हवी म्हणतात. असा माणूस वाचकांना कादंबरीत क्वचितच भेटला होता. त्यात १९६७ च्या जूनमध्ये इस्रायलचे सहा दिवसांचे युद्ध झाले. इस्रायलच्या स्थापनेवरून दोन घरांत पडणारी फूट हा कादंबरीच्या उत्तरार्धाचा कणा असल्यामुळे अमेरिकन ज्यू वाचकांना ती त्या वर्षी अगदी ताजी वाटली असणार.

ज्यू नसलेल्या वाचकांनी ही गोष्ट आपापल्या घराच्या मापाने घेतली, असे पोटोक मुलाखतींत सांगत. कॅथलिक घरातल्या वाचकाला डॅनीचे वडील, हसिदींचे गुरू रेब सॉन्डर्स, यांच्यात आपल्याकडचा धर्मगुरू दिसे, दुसऱ्या कुणाला आपले वडील. पोटोक यांच्या आवडीचा शब्दप्रयोग ‘गाभ्याशी गाभ्याची टक्कर’ असा होता. आपल्या संस्कृतीच्या अगदी आत वाढलेला मुलगा दुसऱ्या संस्कृतीच्या आतल्या विचाराला भिडतो तेव्हा जे घडते ते त्यांना लिहायचे होते. डॅनीच्या बाबतीत तो विचार फ्रॉइडचा. हा मुलगा सार्वजनिक ग्रंथालयात बसून स्वतःच जर्मन शिकतो आणि मूळ फ्रॉइड वाचतो. रेब सॉन्डर्स यांच्यानंतर गादी त्यालाच चालवायची आहे. त्याला मात्र मानसशास्त्रज्ञ व्हायचे आहे.

वाचकांचा खरा वाद आहे तो मौनाचा. रेब सॉन्डर्स आपल्या मुलाशी तालमूदच्या अभ्यासाखेरीज एक शब्दही बोलत नाहीत. कारण शेवटच्या प्रकरणांत कळते. चार वर्षांच्या डॅनीने एक गोष्ट वाचली आणि ती घडाघडा म्हणून दाखवली. गोष्टीतल्या दुःखाचे त्याला काहीच वाटले नव्हते. बुद्धी अफाट आणि काळीज कोरडे, हे पाहून बाप घाबरला. त्यांचा स्वतःचा भाऊ तसाच होता. मुलाला दुसऱ्याचे दुःख कळावे म्हणून त्यांनी त्याला मौनात वाढवले. पासोव्हर या सणाच्या दिवशी ते हे सगळे रूवेनला उद्देशून बोलतात, डॅनी शेजारी बसून ऐकतो. शेवटी बाप मुलाची क्षमा मागतो.

इथे वाचकांचे दोन तट पडतात आणि ते वयानुसार पडतात असा अनुभव आहे. सोळाव्या वर्षी वाचणाऱ्याला हा बाप निर्दय वाटतो. तोच वाचक चाळिशीत पुस्तक पुन्हा उघडतो तेव्हा त्याला भीतीने गोठलेला, पण मुलावर जीव असलेला माणूस दिसतो. शिक्षक आणि समुपदेशक सहसा पहिल्या बाजूचे, कारण मुलाशी न बोलणे हा त्यांच्या लेखी छळच. नोंदकर्त्याच्या मते दोन्ही बाजूंच्या नजरेतून एक गोष्ट निसटते. कादंबरीत मौन एकदाच येत नाही. डेव्हिड माल्टर ज्यू राष्ट्राच्या बाजूने जाहीर सभेत बोलतात म्हणून रेब सॉन्डर्स डॅनीला रूवेनशी बोलायला बंदी करतात. मसीहाच्या आगमनाआधी माणसांनी उभारलेले ज्यू राज्य त्यांना धर्मद्रोह वाटते. पुढची दोन वर्षे हे मित्र एकाच महाविद्यालयात, एकाच तालमूद वर्गात बसतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत. व्हरांड्यात भेटले तर नजर, कधी नुसता हाताचा ओझरता स्पर्श. डॅनीने जन्मभर सोसलेले मौन रूवेनला, आणि त्याच्या तोंडून गोष्ट ऐकणाऱ्या वाचकाला, या दोन वर्षांत अंगावर येते. म्हणून शेवटी बाप बोलतो तेव्हा त्याच्यावर खटला भरायला बसलेला वाचक आता तटस्थ राहिलेला नसतो. मौन योग्य की अयोग्य, हे वर्गात मतदानाने ठरवणाऱ्यांनी ही मधली प्रकरणे पुन्हा वाचायला हवीत.

शेवटच्या पानांवर डॅनी बटा कापून भेटायला येतो. आपल्या मुलालाही मौनात वाढवशील का, असे डेव्हिड माल्टर त्याला विचारतात. दुसरा मार्ग सापडला नाही तर हो, असे तो सांगतो. हे उत्तर अनेक तरुण वाचकांना पटत नाही, फसवणूक झाल्यासारखे वाटते. पण बंड करून निघालेला मुलगा बापाचे काहीतरी बरोबर घेऊन जातो, हे पोटोक यांनी इथे लपवलेले नाही, आणि ते खरे आहे.

हसिदी जीवन जवळून जाणणाऱ्या ज्यू वाचकांचा आक्षेप वेगळा होता. मुलाला मौनात वाढवण्याची रीत हसिदी पंथात रूढ नाही. एकांतवास पत्करलेले गुरू इतिहासात आहेत, पण ही गोष्ट निराळी. शिवाय हसिदी म्हटले की गाणे, नाच आणि भक्तीचा उल्हास डोळ्यांपुढे येतो. कादंबरीतले सॉन्डर्स घराणे त्या मानाने फार कठोर, फार ग्रंथनिष्ठ आहे. आक्षेप खरा आहे. मात्र विल्यम्सबर्गच्या हसिदींचा राज्यविरोध पोटोक यांनी कल्पनेतून आणलेला नाही. सत्मार पंथाचे प्रमुख योएल टाइटेलबाउम १९४६ मध्ये न्यूयॉर्कला आले आणि विल्यम्सबर्गमध्ये स्थायिक झाले. ज्यू राज्याला धर्माच्या आधारावर सर्वांत ठाम विरोध त्यांनीच केला.

जी जागा हसिदी नसलेल्या वाचकांना सर्वाधिक आवडते, तीही ग्रंथनिष्ठेचीच आहे. शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीदिनाच्या, संध्याकाळी मंदिरात जेवणानंतर रेब सॉन्डर्स प्रवचन करतात आणि त्यात मुद्दाम चूक पेरतात. डॅनीने ती सर्वांसमोर पकडायची. प्रवचन अक्षरांच्या आकड्यांवर चालते. हिब्रूत प्रत्येक अक्षराला किंमत असते आणि शब्दाची बेरीज करता येते. ‘हे जग’ या शब्दांची बेरीज १६३, ‘येणारे जग’ यांची १५४, फरक ९. ‘जीवन’ या अर्थाच्या ‘हाय’ शब्दाची बेरीज १८; म्हणजे ९ हे अर्धे जीवन. धर्मग्रंथाशिवाय माणूस अर्धाच जगतो, असा निष्कर्ष. पुढे ते रूवेनची परीक्षा घेतात. ‘प्रोझदोर’, म्हणजे देवडी, या शब्दाची बेरीज त्यांनी ५१३ धरलेली असते. रूवेन भीत भीत सांगतो, ती ५०३ आहे. पे ८०, रेश २००, वाव ६, झायिन ७, दालेत ४, पुन्हा वाव ६, पुन्हा रेश २०० : कागदावर मांडून पाहिले तर ५०३ च येते, आणि असंख्य शाळकरी वाचकांनी ती मांडून पाहिली असणार. ज्ञानाची चुरस चेंडूफळीइतकी उत्कंठावर्धक होऊ शकते, हे या एका प्रसंगाने अनेकांना दाखवले.

दुसरा नैतिक प्रश्न डेव्हिड माल्टर यांच्याविषयी विचारला जातो, पण पुरेसा नाही. ग्रंथालयात डॅनीला पुस्तके सुचवणारा अनोळखी गृहस्थ तेच असतात. दुसऱ्याच्या मुलाला, त्याच्या वडिलांना न सांगता, त्यांचा धर्म डळमळवणारी पुस्तके द्यावीत का? कादंबरीत माल्टर हे सर्वांत प्रेमळ पात्र आहे, त्यामुळे वाचक त्यांना सहज माफ करून टाकतो. पुस्तके आपण दिली नसती तरी मुलाने ती शोधलीच असती, असे माल्टर स्वतःशी समाधान मानतात. शिक्षकी पेशातल्या वाचकाने इथे थोडा वेळ थांबावे.

स्त्रिया कादंबरीत जवळपास नाहीत. रूवेनची आई वारलेली आहे. घरकाम करणारी मान्या ओळखीपुरती दिसते. डॅनीच्या आईला आणि बहिणीला नावही नाही. बहिणीविषयी रूवेनला थोडी ओढ वाटते, तर ती लहानपणीच वाग्दत्त झाल्याचे त्याला कळते आणि विषय संपतो. नंतरच्या पिढीतल्या वाचक स्त्रियांनी यावर नेमके बोट ठेवले. १९८५ च्या ‘डेव्हिटाज हार्प’मध्ये पोटोक यांनी नायिका मुलगी घेतली आणि तिला धार्मिक शाळेत मुलगी म्हणून हक्काचा मान नाकारला जातो हे दाखवले. तीत रूवेन माल्टरही येतो.

भाषा साधी, काही समीक्षकांच्या मते रुक्ष आहे. संवाद लांबतात, पात्रे ‘समजावून’ सांगतात. हा दोष मान्य करूनच पुस्तक वाचावे लागते. त्यावरील चित्रपट १९८१ मध्ये जेरेमी केगन यांनी केला. रॉड स्टायगर यांनी रेब सॉन्डर्स आणि मॅक्सिमिलियन शेल यांनी माल्टर साकारले. १९८८ चे संगीतनाटक लगेच बंद पडले. ॲरन पोस्नर यांनी पोटोक यांच्यासह केलेले नाट्यरूपांतर १९९९ मध्ये फिलाडेल्फियात रंगमंचावर आले आणि ते मात्र टिकले. मौन हाच ज्याचा विषय, त्याला गाण्यांपेक्षा संवाद मानवतात.

महाराष्ट्रातल्या वाचकासाठी एक खुलासा आवश्यक आहे. ज्यू म्हणून आपल्या परिचयाचे आहेत ते कोकणातले बेने इस्राएल, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून ज्यांना ‘शनवार तेली’ म्हणत ते, मराठी बोलणारे. हसिदी पंथ अठराव्या शतकात पूर्व युरोपात जन्मला. अलिबाग-पनवेलच्या सिनेगॉगांत त्याची परंपरा नाही. तेव्हा रेब सॉन्डर्स यांच्या काळ्या झग्यावरून सर्व ज्यूंची कल्पना करू नये. गादी, गुरू, घराण्याचा वारस आणि त्या वारशाखाली दबलेला हुशार मुलगा हे मात्र आपल्याला कुणी समजावून सांगावे लागत नाही.

कथा ‘द प्रॉमिस’ (१९६९) या कादंबरीत पुढे चालते. तीत डॅनी मानसोपचाराच्या कामात मौनाचाच उपयोग करतो. पहिल्या पुस्तकावर रागावलेल्या वाचकाने ती अवश्य वाचावी. ‘द चोझन’ची प्रकरणे १८ आहेत, म्हणजे हिब्रू बेरजेत ‘जीवन’ या शब्दाची जितकी किंमत तितकीच.