ड्राय संप : शर्यतीच्या इंजिनाचा कोरडा तळ

मोटारशर्यतीत एखादे इंजिन निकामी झाले की प्रेक्षकांना दिसतो तो मागून उसळणारा धूर. त्याची कारणे अनेक असू शकतात. परंतु सर्वांत साधे आणि तितकेच घातक कारण म्हणजे ऐन वळणावर इंजिनाला क्षणभर तेल न मिळणे. तेल पुरेसे भरलेले असते, पंपही सुस्थितीत असतो, तरी बेअरिंगपर्यंत तेलाऐवजी हवा पोहोचते. हा धोका टाळण्यासाठी शर्यतीच्या इंजिनांत जी वंगणव्यवस्था वापरली जाते, तिला ‘ड्राय संप’ असे म्हणतात.

सामान्य मोटारीतील व्यवस्था

संप म्हणजे इंजिनाच्या तळाशी बसवलेले तेलाचे भांडे. गॅरेजच्या भाषेत यालाच ‘चेंबर’ म्हणतात. रोजच्या वापरातील बहुतेक मोटारींत इंजिनाचे सारे तेल या चेंबरमध्येच साठवलेले असते. त्यात बुडालेल्या नळीतून पंप तेल ओढतो, गाळणीतून पुढे ढकलतो आणि क्रँकशाफ्ट, कॅमशाफ्ट व त्यांची बेअरिंगे यांना पुरवतो. काम झाल्यावर तेल आपल्या वजनाने पुन्हा खाली चेंबरमध्ये गळते. तळ सदैव तेलाने भरलेला असल्याने या रचनेला ‘वेट संप’ हे नाव पडले. ती स्वस्त, सुटसुटीत आणि शहरातील वा महामार्गावरील प्रवासाला पूर्णपणे पुरेशी आहे.

वळणावर काय घडते?

वाहन वेगाने वळते तेव्हा चेंबरमधील तेल वळणाच्या बाहेरच्या बाजूला सरकते. वळणावरचा आडवा जोर गुरुत्वाकर्षणाइतका झाला, की तेलाचा पृष्ठभाग ४५ अंशांनी कलतो. फॉर्म्युला वनच्या मोटारी वेगवान वळणांवर गुरुत्वाकर्षणाच्या चौपटीहून अधिक जोर सोसतात. अशा वेळी तेल जवळजवळ उभ्या भिंतीसारखे चेंबरच्या एका कडेला चिकटते. करकचून ब्रेक लावल्यावर तेच तेल पुढे धावते. पंपाची नळी उघडी पडली, की पंप निमूटपणे हवा ओढू लागतो.

क्रँकशाफ्ट आणि त्याचे बेअरिंग एकमेकांना टेकत नाहीत, ते त्यांच्यामधील तेलाच्या पातळ थरामुळे. हा थर माणसाच्या केसाहूनही पातळ असतो आणि सतत नवे तेल येत राहिले तरच टिकतो. मिनिटाला १८ हजार फेरे घेणाऱ्या इंजिनात क्रँकशाफ्ट अर्ध्या सेकंदात १५० वेळा फिरतो. तेवढा वेळ तेलाच्या जागी हवा आली, तर धातूवर धातू घासतो, बेअरिंग तापून वितळते आणि इंजिन जाम होते. कनेक्टिंग रॉड तुटला, तर तो इंजिनाच्या भिंतीला भोक पाडूनच बाहेर येतो.

साठा वेगळा, उपसा वेगळा

ड्राय संप पद्धतीत इंजिनाच्या तळाशी तेल साठू द्यायचेच नाही, हे मूळ सूत्र आहे. तळाचे भांडे अगदी उथळ असते. त्यात पडलेले तेल एक वा अनेक पंप तत्काळ उपसून इंजिनाबाहेरील स्वतंत्र टाकीत नेतात. त्या टाकीच्या बुडातून दुसरा पंप तेल ओढतो आणि दाबाने इंजिनाला पुरवतो. पहिल्या प्रकाराला उपसापंप, तर दुसऱ्याला दाबपंप म्हणता येईल.

उपसापंपांची एकत्रित क्षमता दाबपंपापेक्षा मुद्दाम बरीच जास्त ठेवली जाते. कारण खालून येते ते निव्वळ तेल नसते. फिरत्या क्रँकशाफ्टने घुसळलेला तेल व हवा यांचा फेस आणि पिस्टनच्या कडांमधून निसटलेले वायू असे ते मिश्रण असते. तेलाइतक्याच क्षमतेचा उपसा ठेवला, तर तळ कधीच कोरडा पडणार नाही.

हा फेस तसाच बेअरिंगला दिला, तर सारा खटाटोप व्यर्थ ठरेल. बुडबुडे दाबाखाली आकसतात आणि तेलाचा थर तुटतो. म्हणून तेलाची टाकी हा या व्यवस्थेचा कळीचा भाग ठरतो. ती सहसा उंच आणि अरुंद, नळकांड्यासारखी असते. तेल वरच्या बाजूने भिंतीला स्पर्श करीत आत सोडले जाते, त्यामुळे ते गोल फिरत खाली उतरते. फिरताना जड तेल कडेला जाते, हलकी हवा मध्यभागी जमून वरच्या नळीवाटे निघून जाते. टाकी अरुंद आणि उंच असल्याने वळणावर तेल कितीही कलले, तरी बुडाचे तोंड उघडे पडत नाही.

इंजिन खाली उतरले

तेलाचा पुरवठा अखंड राहावा म्हणून स्वीकारलेल्या या पद्धतीचे इतर फायदेही मोठे आहेत. खोल चेंबर नाहीसे झाल्याने इंजिन मोटारीत बरेच खाली बसवता येते, गुरुत्वमध्य खाली येतो आणि वळणावरील पकड सुधारते. यावरून इतकी चढाओढ होती, की २००६ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये २.४ लिटरची व्ही-८ इंजिने आली तेव्हा क्रँकशाफ्टची मध्यरेषा मोटारीच्या तळाच्या संदर्भपातळीपासून किमान ५८ मिलिमीटर उंच असावी, असे नियमानेच ठरवण्यात आले. २०१४ च्या व्ही-६ इंजिनांसाठी ही उंची ९० मिलिमीटरवर निश्चित झाली.

दुसरा फायदा शक्तीचा. फिरणाऱ्या क्रँकशाफ्टला तेल घुसळत बसावे लागत नाही, त्यामुळे वाया जाणारी अश्वशक्ती वाचते. जोरदार उपशामुळे क्रँकशाफ्टच्या कप्प्यातील हवेचा दाबही घटतो आणि पिस्टनच्या रिंगा अधिक घट्ट बसतात. बाहेरची टाकी मोठी ठेवता येत असल्याने तेल अधिक मावते आणि ते थंड राखणेही सोपे जाते.

विमानापासून मोटारीपर्यंत

हवेत कलणाऱ्या आणि उलटणाऱ्या विमानांना तळाच्या भांड्यातील तेलावर विसंबून चालणार नव्हते. वर्तुळाकार मांडणीच्या विमान इंजिनांत तर काही सिलिंडर खालच्या बाजूलाच असतात. त्यामुळे तेथे बाहेरची टाकी ही गरजच होती. मोटारींत मर्सिडीज-बेंझच्या १९५४ च्या ‘३०० एसएल’ या गाडीचे उदाहरण प्रसिद्ध आहे. १९५२ ची ल मान्सची शर्यत जिंकणाऱ्या मोटारीपासून विकसित झालेल्या या गाडीचे इंजिन ५० अंशांत तिरपे बसवले होते आणि त्याला ड्राय संप होता. बॉनेट बसके राखणे त्यामुळे शक्य झाले.

कॉसवर्थ कंपनीचे कीथ डकवर्थ यांनी घडवलेले ‘डीएफव्ही’ हे तीन लिटरचे व्ही-८ इंजिन या परंपरेतील मानबिंदू होय. त्यात तेलाचे पंप इंजिनाच्या दोन्ही कुशींत खालच्या बाजूला बसवले होते. ४ जून १९६७ रोजी झांडफूर्ट येथे पदार्पणातच जिम क्लार्क यांनी या इंजिनावर डच ग्रांप्री जिंकली. पुढे १९८३ पर्यंत या घराण्यातील इंजिनांनी फॉर्म्युला वनच्या १५५ शर्यती जिंकल्या.

भारतीय रस्त्यांनाही ही कल्पना अपरिचित नाही. बिडाच्या सिलिंडरच्या जुन्या बुलेट मोटरसायकलीत तेलाचा साठा इंजिनाच्या कवचातच, पण स्वतंत्र कप्प्यात असे आणि पुरवठा व उपसा यांसाठी दोन निरनिराळे पंप असत. गाडी फार दिवस उभी राहिली, की साठ्यातील तेल हळूहळू झिरपून क्रँकशाफ्टच्या कप्प्यात उतरे. तळ ‘कोरडा’ राहतो तो पंप चालू असेपर्यंतच, हे त्यावरून ध्यानात येते.

मर्यादा

अनेक पंप, टाकी, जाड नळ्या आणि त्यांचे सांधे यांमुळे खर्च आणि वजन वाढते. गळतीच्या जागाही वाढतात. पंप पट्ट्यावर चालत असतील तर पट्टा तुटताच वंगण थांबते. तेलाची पातळी तपासण्याची रीतही निराळी आहे. पोर्शच्या एअर-कूल्ड ‘९११’ मध्ये ती इंजिन गरम असताना, ते चालू ठेवूनच पाहावी लागे. थंड इंजिनावरील मापन फसवे ठरे आणि अजाणतेपणी तेल जास्त भरले जाई. म्हणूनच सामान्य मोटारीत अनेकदा चेंबरमध्ये पत्र्याचे आडवे पडदे बसवून काम भागवले जाते.

शर्यतीच्या मोटारीत मात्र ही काटकसर महागात पडू शकते. पंपाला तेल आणि हवा यांतला फरक कळत नाही. बेअरिंगला तो क्षणार्धात कळतो. त्या दोहोंच्या मध्ये हवेला अडवून धरणे, हेच ड्राय संपचे खरे काम आहे.