वाकळ आणि शिवणयंत्र

कोल्हापूरच्या ग्रामीण परिसरात जुन्या लुगड्यांचे आणि धोतरांचे थर एकावर एक अंथरून हाताने शिवलेल्या जाड पांघरुणाला वाकळ म्हणतात; इतरत्र तिलाच गोधडी हे नाव आहे. 1904 मध्ये इचलकरंजीत यंत्रमाग आला, 1906 मध्ये राजर्षी शाहूंनी कोल्हापुरात कापडगिरणीचा पाया घातला, आणि सिंगरच्या 1851 च्या पेटंटनंतर जगभर पसरलेले शिवणयंत्र, विशेषतः 1930 च्या दशकात कलकत्त्यात ‘उषा’ यंत्रे तयार होऊ लागल्यावर, मध्यमवर्गीय घरांतही पोहोचले. झंपर, परकर, अभ्रे यंत्रावर गेले. वाकळ मात्र दीर्घकाळ हातशिलाईचीच राहिली. याचे कारण केवळ गरिबीत शोधणे अपुरे ठरते, कारण ते यंत्राच्या घडणीतही आहे.

घरगुती यंत्रात सुई एका जागी वरखाली होते आणि कापड सरकते. ते सरकवणारे दाते खाली असतात, तर वरून फूट म्हणजे दाबपट्टी त्याला धरून ठेवते. त्यामुळे सात-आठ थर असले की खालचा पुढे जातो, वरचा मागे राहतो आणि चुण्या पडतात. जुन्या शिवणीचा जाड जोड आला की सुई वाकते किंवा मोडते. 18 नंबरची सुई, लांब टाका, दाबपट्टीचा कमी दाब आणि जाड जागी हाताने फिरवलेले चाक या उपायांनी कडेची शिवण साधते; परंतु सुई आणि यंत्राचा खांब यांत जेमतेम वीतभर जागा असल्याने पांघरुणाचा मधला भाग गुंडाळून तिथवर नेणे फार कठीण जाते.

वाकळीची रीत नेमकी उलटी आहे: कापड जमिनीवर स्थिर असते आणि शिवणारी बाई त्याच्याभोवती सरकत जाते. आधी कच्चे टाके घालून थर बांधले जातात. मग धावदोरा, म्हणजे सुई खालीवर घालत जाणारा साधा टाका, कडेपासून निघून चौकोनी वळणे घेत मध्याकडे येतो. डावा हात थर सपाट करत राहतो, उजवा चार-पाच टाके सुईवर भरून मगच दोरा ओढतो. दोरा फार न आवळल्याने थरांमध्ये हवा राहते, आणि वाकळीची ऊब त्या हवेचीच असते. वरचे कापड विरले की त्यावर दुसरे लुगडे घालून पुन्हा शिवण्याची प्रथा असल्याने एकाच वाकळीत हातमागाचे, गिरणीचे आणि पुढे नायलॉनचे कापडही सापडू शकते. कोल्हापूरच्या वस्त्रोद्योगाच्या इतिहासात मागांना आणि गिरणीला जे स्थान मिळाले, ते या घरगुती शिलाईलाही मिळायला हवे. ज्यांच्या घरी जुनी वाकळ आहे, त्यांनी ती उसवण्यापूर्वी कोणाचे लुगडे कोणत्या थरात आहे आणि ती कोणी शिवली, एवढे तरी लिहून ठेवावे.