ओटीपोटाची सोनोग्राफी

बेंबीखालच्या अवयवांची श्राव्यातीत ध्वनिलहरींनी केली जाणारी तपासणी. तिच्यात स्त्रियांचे गर्भाशय, त्याचे अस्तर व बीजकोश, पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी आणि दोघांचेही मूत्राशय पाहतात. पाळीच्या तक्रारी, ओटीपोटातील दुखणे, फायब्रॉइड, बीजकोशातील सिस्ट, वंध्यत्व व लघवी अडणे ही तपासणीची नेहमीची कारणे. ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इअन डोनाल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांचा १९५८ साली ‘द लॅन्सेट’मध्ये आलेला निबंध या पद्धतीचा पाया मानला जातो. तिच्यात क्ष-किरण वापरत नाहीत.

पूर्वतयारी : पोटावरून तपासणी करताना मूत्राशय भरलेले लागते. आतड्यांतील हवा ध्वनी अडवते. भरलेले मूत्राशय आतडी बाजूला सारते आणि त्यातील द्रवातून ध्वनी सहज आरपार जातो. म्हणून साधारण तासभर आधी चार-पाच ग्लास पाणी पिऊन लघवी रोखून धरायला सांगतात. मूत्राशय फार तुंबले तर गर्भाशय दाबले जाते; अशा वेळी ‘थोडी लघवी करून या’ असेही सांगतात. असह्य झाल्यास कळ काढत न बसता लगेच सांगावे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा असेल, तर डॉक्टरांना आधी विचारावे. केवळ ओटीपोटाच्या तपासणीसाठी उपाशी राहावे लागत नाही. संपूर्ण पोटाची असल्यास मात्र काही तास खाणे टाळावे लागते. जुने रिपोर्ट सोबत न्यावेत, शेवटच्या पाळीची तारीख लक्षात ठेवावी. पाळी चालू असतानाही तपासणी करता येते.

तपासणी : परकराची किंवा सलवारीची नाडी सैल करून उताणे झोपवतात. त्वचा व प्रोब (ध्वनिलहरी सोडणारे, हातात धरायचे उपकरण) यांच्यामध्ये हवा राहू नये म्हणून गार जेल लावतात. प्रोब दाबून फिरवताना भरल्या मूत्राशयावर ताण जाणवतो, पण एरवी दुखत नाही. बहुधा १५ ते ३० मिनिटे लागतात. प्रोस्टेटच्या तक्रारीत लघवी करून आल्यावर किती उरली, हेही मोजतात.

योनिमार्गातून तपासणी : अस्तर व बीजकोश जवळून, अधिक स्पष्ट दिसतात. हिच्यासाठी लघवी करून यावे. निरोध चढवलेला बारीक प्रोब आत सरकवतात. शरीरसंबंध न आलेल्या स्त्रीची अशी तपासणी सहसा करीत नाहीत. आधी समजावून सांगणे व संमती घेणे बंधनकारक समजावे. सोबत स्त्री कर्मचारी मागण्याचा, नकार देण्याचा आणि मध्येच थांबवायला सांगण्याचा हक्क स्त्रीला आहे.

निष्कर्ष : रिपोर्ट नॉर्मल असला तरी एंडोमेट्रिओसिससारखा आजार निसटू शकतो. दुखणे कायम राहिल्यास पुन्हा डॉक्टरांकडे जावे.

कायदा : गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ साली देशात प्रथम कायदा केला, केंद्राचा कायदा १९९४चा. गर्भवतीच्या सोनोग्राफीपूर्वी एफ फॉर्म भरावा लागतो. लिंग विचारणे व सांगणे, दोन्ही गुन्हा आहे.