पाण्याखालचा भूगोल

जमिनीचा नकाशा आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. समुद्राचा नकाशा मात्र किनाऱ्यावर जन्म काढलेल्यांनीही क्वचितच पाहिलेला असतो. दर्यावर्दी लोक त्याला 'चार्ट' म्हणतात. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात समुद्र म्हणजे नुसता निळा रंग. चार्टवर सगळं उलट! जमीन बहुतेक रिकामी. तिच्यावर पाण्यातून दिसेल तेवढंच दाखवलेलं, म्हणजे एखादी टेकडी, देवळाचा कळस, धुरांडं. आणि पाण्यावर मात्र आकडेच आकडे.

हे आकडे म्हणजे खोली. जुन्या चार्टवर ती वावांत असे (एक वाव म्हणजे सहा फूट), आता मीटरमध्ये असते. पूर्वी दोरीला शिशाचं वजन बांधून ते पाण्यात सोडायचे आणि किती दोरी गेली ते मोजायचे. वजनाच्या बुडाला खळगा असे, त्यात चरबी भरायची, म्हणजे तळाची वाळू, चिखल, शंखांचा चुरा तिला चिकटून वर येई. खडक असेल तर काहीच येत नसे. तळ कसला आहे तेही मग आकड्याशेजारी लिहायचं, कारण नांगर कुठे धरेल हे त्यावर ठरतं. एकेका आकड्यामागे कुणीतरी होडीत उभं राहून दोरी सोडली होती, हे मला फार विलक्षण वाटतं.

पण चार्टच्याही आधी पुस्तकं होती. इसवीसनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक लिहिणाऱ्याने 'पेरिप्लस' नावाची छोटी पुस्तिका लिहिली. तिच्यात तांबड्या समुद्रापासून आपल्या किनाऱ्यापर्यंतची बंदरं ओळीने दिली आहेत. भडोचच्या खाडीबद्दल तो बजावतो की तिथली भरती भयंकर आहे, नवख्याने एकट्याने शिरू नये. राजाचे कोळी मोठ्या होड्या घेऊन सामोरे येतात आणि जहाजं आत नेतात. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही सल्ला हाच होता, पुस्तक वाचा, पण शेवटच्या टप्प्यात तिथल्या माणसाला विचारा.

पुढे १५३८-३९ मध्ये जुआंव द कास्त्रो नावाचा पोर्तुगीज गोव्याहून दीवपर्यंत आरमाराबरोबर गेला. (हाच पुढे गोव्याचा व्हाइसरॉय झाला.) वाटेतल्या खाड्यांची मुखं आणि बंदरं त्याने चित्रांसकट नोंदवली. दाभोळ, चौल ही आपल्या कोकणातली नावं तिथे भेटतात. अशा पुस्तकांना पोर्तुगीज 'रोतेइरो' म्हणत, म्हणजे वाटेची वही.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या माणसाकडे वळते. जेम्स हॉर्सबर्ग. स्कॉटलंडमध्ये १७६२ साली जन्मला, सोळाव्या वर्षी बोटीवर चढला. मे १७८६ मध्ये तो 'अ‍ॅटलास' जहाजावर फर्स्ट मेट होता. जहाज बटाव्हियाहून (आजचं जकार्ता) सिलोनला निघालं होतं. वाटेत ते हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सिया बेटावर आदळून फुटलं. चार्ट चुकीचा होता. हॉर्सबर्ग वाचला आणि मुंबईला आला.

अशा प्रसंगानंतर माणूस समुद्र सोडतो किंवा नशिबाला दोष देतो. याने टिपणं काढायला सुरुवात केली. पुढची जवळजवळ वीस वर्षं मुंबई, कलकत्ता आणि चीनच्या फेऱ्या करताना वारे, प्रवाह, खोली, खडक, सगळं लिहून ठेवलं. दुसऱ्या कप्तानांच्या नोंदवह्या मिळतील तशा वाचल्या, ताडून पाहिल्या. १८०५ साली तो इंग्लंडला परतला आणि १८०९ ते १८११ या काळात त्याचा मोठा ग्रंथ आला. हिंदुस्थान, चीन, ऑस्ट्रेलिया इथे जाण्यायेण्याच्या जलमार्गांची माहिती त्यात होती. लोक त्याला 'इंडिया डिरेक्टरी' म्हणून ओळखू लागले. १८१० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने त्याला आपला हायड्रोग्राफर, म्हणजे जलसर्वेक्षणाचा प्रमुख, नेमलं आणि १८३६ साली मरेपर्यंत तो हेच काम करत राहिला. सिंगापूरजवळच्या एका खडकावर १८५१ साली दीपगृह उभं राहिलं, त्याला त्याचंच नाव आहे. जहाज फुटलेल्या माणसाचं याहून चांगलं स्मारक कोणतं?

एका चार्टवर काम का भागत नाही, हेही इथे सांगायला हवं. चार्टचे प्रकार प्रमाणावरून पडतात. अमेरिकी पद्धतीत चार सांगतात. १:६,००,००० पेक्षा लहान प्रमाणाचे महासागर ओलांडण्यासाठी. १:१,५०,००० ते १:६,००,००० किनारा दूर ठेवून जाण्यासाठी. १:५०,००० ते १:१,५०,००० किनाऱ्यालगत जाण्यासाठी. आणि त्याहून मोठ्या प्रमाणाचे बंदरात शिरण्यासाठी. (इथे वर्गात हमखास गोंधळ व्हायचा. प्रमाण मोठं, म्हणजे जागा कमी पण तपशील जास्त!) पहिल्या प्रकारावर एखादं बेट टिंबाएवढं असतं, किंवा नसतंच.

चार्टच्या जोडीला पुस्तकं लागतात, आणि प्रत्येक पुस्तक एकेका प्रश्नाचं उत्तर आहे. 'पायलट' हे वाटाड्याचं पुस्तक, कास्त्रो आणि हॉर्सबर्गचा वारस. बंदराचं तोंड समुद्रातून कसं दिसतं, कोणत्या महिन्यात शिरू नये, हे त्यात असतं. दिव्यांच्या यादीत प्रत्येक दीपगृहाची ओळख असते, म्हणजे किती सेकंदांनी किती वेळा चमकतं ते. तेवढ्यावरून काळोखात ते नेमकं कोणतं हे कळतं. चार्टवरची खोली अगदी तळच्या ओहोटीची धरलेली असते; या घटकेला तिच्यावर किती पाणी चढलंय हे भरती-ओहोटीचं कोष्टक सांगतं. उधाण आणि भांग आपल्या कोळी बांधवांना तोंडपाठ असतात, परक्या बंदरात शिरणाऱ्याला कोष्टक लागतं. ब्रिटिश आरमाराची ही कोष्टकं १८३३ पासून निघू लागली.

आणि १८३४ पासून त्यांचं सगळ्यात महत्त्वाचं (मला तसं वाटतं) प्रकाशन सुरू झालं, 'नोटिसेस टू मरिनर्स'. म्हणजे दर्यावर्दींना सूचना. अमुक दिवा बंद पडला आहे, तमुक ठिकाणी नवीन बुडालेलं जहाज आहे, चार्टवर अशी दुरुस्ती करा. आपल्याकडे या सूचना नौदलाचं जलसर्वेक्षण कार्यालय काढतं. ते १९५४ पासून आहे देहरादूनला! समुद्राचे नकाशे हिमालयाच्या पायथ्याशी तयार होतात.

माझा भाचा मर्चंट नेव्हीत होता. त्याने एकदा मला रद्द झालेला एक जुना चार्ट आणून दिला. डाव्या कोपऱ्यात खाली, जांभळ्या शाईत, बारीक अक्षरात साल आणि आकडे लिहिलेले होते. सूचना आली की चार्टवर हाताने दुरुस्ती करायची आणि तिचा क्रमांक तिथे टाकायचा. पुढच्या माणसाला लगेच कळतं की चार्ट कुठवर ताजा आहे. "मावशी, हा कागद कधी पुरा होतच नाही," तो म्हणाला.

त्यानेच मला चार्टवरच्या काही खुणांचे अर्थ सांगितले. एखाद्या खडकाशेजारी इंग्रजीत छोटी अक्षरं असतात. 'पी. ए.' म्हणजे स्थान अंदाजे. 'पी. डी.' म्हणजे स्थान संशयास्पद. आणि 'ई. डी.' म्हणजे अस्तित्वच संशयास्पद! कुणा कप्तानाने कधीतरी तिथे खडक पाहिल्याचं कळवलं, नंतर कुणाला सापडला नाही, पण नाहीच असंही कुणी सिद्ध केलं नाही. म्हणून तो शंकेसकट छापायचा. शिवाय कोणता भाग कुणी, कोणत्या साली मोजला याचाही तक्ता चार्टवर असतो. जिथे मोजलंच नाही तिथे कागद पांढरा सोडलेला.

मी इतिहास शिकवत होते. आमच्या पाठ्यपुस्तकात पुराव्याने सिद्ध झालेली गोष्ट आणि दोनशे वर्षं ऐकीव चालत आलेली गोष्ट एकाच शाईत, एकाच ठशात छापलेली असे. मुलांना वाटे, सगळंच सारखं खरं. समासात कुठेतरी 'अस्तित्व संशयास्पद' छापलं असतं तर! पण इतिहास चुकला तर लगेच कुणी बुडत नाही, म्हणून आपण निर्धास्त असतो. दर्यावर्दींना ती चैन परवडत नाही.

आता तर सगळं पडद्यावर आलं आहे. मोठ्या जहाजांवर इलेक्ट्रॉनिक चार्ट २०१२ ते २०१८ या काळात टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले. सोय मोठी आहे, यात वाद नाही. पण २९ नोव्हेंबर २०१४ ची गोष्ट ऐका. 'व्हेस्टास विंड' नावाची शर्यतीची शिडाची बोट केपटाउनहून अबुधाबीला निघाली होती. अत्याधुनिक बोट, नऊ अनुभवी खलाशी. रात्री भरवेगात ती मॉरिशसच्या ईशान्येला कार्गाडोस काराजोसच्या प्रवाळखडकांवर चढली. खडक चार्टवर होते. पण पडद्यावर लांबचं दृश्य ठेवलं की ते नीट उमटत नव्हते, आणि जवळचं करून तो भाग कुणी पाहिला नव्हता. चौकशीत दोन्ही गोष्टींवर बोट ठेवलं गेलं, चार्ट वापरण्याच्या पद्धतीवर आणि चार्टमध्ये धोका दाखवण्याच्या पद्धतीवरही. सुदैवाने नऊही जण वाचले.

दिएगो गार्सियाच्या त्याच हिंदी महासागरात, हॉर्सबर्गनंतर २२८ वर्षांनी! तेव्हा चार्टला माहीत नव्हतं. आता चार्टला माहीत होतं, पण माणसाने विचारलं नव्हतं. पांढरा कागद निदान सांगतो तरी, की इथे मोजलेलं नाही, जपून जा. पडदा मात्र सगळीकडे सारखाच गुळगुळीत दिसतो. समुद्राचंच कशाला, हल्ली आपण सगळंच ज्ञान पडद्यावरून घेतो. तिथे ना तारीख, ना मोजणाऱ्याचं नाव, ना शंकेची खूण.

असो. नातवंडं काही वाचून दाखवायला आली की मी हल्ली दोनच प्रश्न विचारते. हे कुणी मोजलं? आणि कधी? सुरुवातीला वैतागायची. आता धाकटी, विचारायच्या आधीच, शोधून येते.