सोनोग्राफी जेलचे पर्याय (शीर घेण्यासाठी)

सोनोग्राफीच्या आधाराने शीर घेताना प्रोब आणि त्वचा यांमधली हवा हटवण्यासाठी नेहमीच्या जेलऐवजी वापरले जाणारे पदार्थ. जुलाब-उलट्यांनी शरीरातले पाणी कमी झालेला रुग्ण, केमोथेरपीने खराब झालेल्या शिरा, स्थूल दंड अशा वेळी शीर डोळ्यांना दिसत नाही आणि बोटालाही लागत नाही. मग तातडीच्या विभागात दंडातली बॅसिलिक शीर प्रोबने शोधून सलाइन लावतात.

हवा आणि ऊती यांच्या सीमेवर ९९ टक्क्यांहून अधिक ध्वनी परत फिरतो, त्यामुळे कोरड्या त्वचेवर प्रोब ठेवला तर चित्र उमटत नाही. ध्वनीचा वेग पाण्यात सेकंदाला सुमारे १,४८० मीटर, तर मऊ ऊतींत सरासरी १,५४० मीटर असतो. दोन्ही इतके जवळ असल्याने बहुतेक पाणीदार पदार्थांतून शीर नीट दिसते. जेल ओघळत नाही, ही त्याची मोठी सोय. चित्र मिळवणे सोपे आहे. अडचण सुरू होते ती सुईपाशी.

जेलचा थर पुसला तरी त्वचा बुळबुळीत राहते. पारदर्शक ड्रेसिंगची कड सुटते आणि रुग्णाने कोपर दुमडताच मोठ्या मुश्किलीने शिरेत बसवलेली कॅन्युला (बारीक नळी) निघून येते. दुसरा धोका संसर्गाचा. २०२१ मध्ये अमेरिकेत बर्कहोल्डेरिया स्टॅबिलिस या जीवाणूच्या संसर्गाचा माग काढताना दूषित सोनोग्राफी जेल सापडले. सुई टोचायची असेल तेथे एकदाच वापरायचे निर्जंतुक जेलच घ्यावे, हा आग्रह अशा घटनांतून पक्का झाला.

निर्जंतुक जेल हाताशी नसेल, तर कॅथेटर घालताना वापरतात त्या निर्जंतुक वंगण जेलीचे छोटे पाकीट हा सर्वांत भरवशाचा पर्याय. निर्जंतुक सलाइनही चालते. ते लवकर ओघळते, म्हणून मदतनीसाने थेंब टाकत राहावे लागते. मात्र पुसल्यावर चिकटपट्टी घट्ट बसते. क्लोरहेक्सिडीनच्या द्रावणातूनही चित्र मिळते. त्यात एक मेख आहे: त्वचा निर्जंतुक होण्यासाठी हे द्रावण वाळावे लागते आणि चित्रासाठी ती ओली हवी. म्हणून आधीचा लेप वाळू द्यावा आणि चित्रासाठी निर्जंतुक द्रव वेगळा घ्यावा, हे बरे. द्रावणातले अल्कोहोल काही प्रोबच्या पृष्ठभागाला बाधते, तेव्हा उत्पादकाची सूचना आधी पाहावी. हात धुण्याच्या सॅनिटायझरलाही हेच लागू. शिवाय तो भराभर उडून जातो.

प्रोबवर निर्जंतुक पारदर्शक ड्रेसिंग ताणून बसवण्याची पद्धतही आहे. आत बुडबुडा राहिला तर तेवढ्या भागात काळी सावली पडते. तेलातून चित्र मिळते, पण तेलाने लॅटेक्सचे हातमोजे कमकुवत होतात आणि पट्टी अजिबात धरत नाही. हात पाण्यात बुडवून तपासणे बोटात रुतलेली काच शोधायला उत्तम. शीर घेताना ते टाळावे.

जेथे जेल पोहोचतच नाही, तेथे पिठाचा उपयोग झाला आहे. काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या ग्रामीण भागात कसाव्याच्या पिठाची शिजवलेली पेज वापरून पाहिली गेली; आपल्याकडचा साबुदाणा याच कंदाचा. कॉर्नफ्लोअरचीही अशी पेज करता येते. पोट किंवा हृदय पाहण्यासाठी ती उपयोगी आहे. मात्र अशा पेजेत जंतू झपाट्याने वाढतात, त्यामुळे ती ताजीच करावी लागते आणि सुई टोचण्याच्या जागी लावू नये.