नजरअंदाज

अहमदपूरच्या शेतकऱ्याला हा शब्द पैसेवारीमुळे, म्हणजे पिकाच्या उत्पन्नाच्या सरकारी अंदाजामुळे, पाठ असतो. खरिपाची आधी येते ती नजरअंदाज पैसेवारी. पीक कापणी प्रयोगांनंतरची अंतिम. हल्ली हिंदीच्या वळणाने त्याचा अर्थ 'दुर्लक्ष' असा होऊ लागलाय, याचं मला खरंच वाईट वाटतं. फारसी 'अंदाख्तन' म्हणजे फेकणे, टाकणे. तीर सोडणारा तिरंदाज, गोळा टाकणारा गोलंदाज, आणि नजर टाकून बांधलेला तो नजरअंदाज!

अंधूक दीर्घिकांचं अंतर असंच नजरअंदाजाने काढतात. एकेकीचा वर्णपट घ्यायला दुर्बिणीचा फार वेळ जातो. म्हणून चिलीतली रुबिन वेधशाळा आकाश सहा फिल्टरांतून टिपते. जुन्या ताऱ्यांच्या दीर्घिकेचा प्रकाश ४००० अँगस्ट्रॉमच्या निळ्या बाजूला एकदम घसरतो. विश्व प्रसरण पावतंय म्हणून ही पायरी तांबड्याकडे सरकलेली दिसते. ती कोणत्या फिल्टरात सापडली त्यावरून ताम्रसृती, आणि तिच्यावरून अंतर. निवडक दीर्घिकांचे वर्णपट ही इथली पीक कापणी. त्यांवर अंदाज पारखून घेतात.

आपल्या मराठवाड्यातच, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ, लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होते आहे. गुरुत्वीय लहर कुठल्या दीर्घिकेतून आली, हे शोधताना असे नजरअंदाज हाताशी लागतील.