पिकअप ट्रक : केबिनचा आराम आणि हौद्याचे काम

पिकअप ट्रक : पुढे चालक व सोबत्यांसाठी बंद केबिन आणि मागे उघडा हौदा असलेले हलके मालवाहू वाहन. महाराष्ट्रात ही गाडी प्रामुख्याने भाड्यावर चालते : टोमॅटोचे क्रेट, कोंबड्यांचे पिंजरे, मंडपाचे सामान, लोखंडी सळ्या. अमेरिका, ऑस्ट्रेलिया व थायलंड या देशांत मात्र ती घरची गाडी म्हणूनही विकली जाते. गेल्या वीस-पंचवीस वर्षांतील पिकअपची रचना समजून घ्यायची तर एकच प्रश्न पुरेसा आहे. केबिनमध्ये घातलेले सुख हौद्यातल्या मालाच्या वजनातून किती वजा होते?

फोर्ड कंपनीने १९२५ साली ‘मॉडेल टी’ला कारखान्यातच हौदा बसवून ती २८१ डॉलरांना विकायला काढली. त्याआधी मोटारीचा मागचा भाग उतरवून तिथे फळ्यांचा हौदा ठोकण्याचे काम गावोगावचे सुतार करीत. ऑस्ट्रेलियात गीलाँगच्या फोर्ड कारखान्यातील ल्यू बँट या तरुण अभिकल्पकाने १९३४ मध्ये ‘कूपे युटिलिटी’ तयार केली. रविवारी चर्चला जाताना लाज वाटू नये आणि सोमवारी डुकरे बाजारात नेता यावीत अशी एकच गाडी द्या, अशी एका शेतकऱ्याच्या पत्नीची मागणी त्यामागे होती, असे सांगतात. आज सत्तर-ऐंशी हजार डॉलर मोजणाऱ्या गिऱ्हाइकाची मागणी यापेक्षा फारशी वेगळी नाही. फक्त चर्चच्या जागी विमानतळ आला आणि डुकरे बहुधा गेलीच.

केबिनकडे लक्ष देण्याची सुरुवात १९५० नंतरच्या दशकात झाली. शेव्हरलेटचा ‘कॅमिओ कॅरियर’ (१९५५) हा दिसण्यासाठी घेतला जाणारा पहिला नावाजलेला पिकअप. इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९५७ मध्ये सहा माणसांची केबिन आणली. पण खरी कलाटणी करधोरणाने दिली. पश्चिम जर्मनी व फ्रान्सने अमेरिकी कोंबड्यांवर कर बसवला, त्याचा वचपा म्हणून अमेरिकेने १९६४ पासून आयात हलक्या ट्रकांवर २५ टक्के जकात लावली. कोंबड्यांचे भांडण केव्हाच मिटले, जकात राहिली. परदेशी कंपन्यांची वाट अडल्यामुळे अमेरिकी कंपन्यांना पिकअपमध्ये चांगला नफा सुटू लागला आणि तो नफा टिकवण्यासाठी केबिन अधिकाधिक सजत गेली. फोर्डची ‘एफ’ मालिका १९७७ पासून अमेरिकेत सर्वाधिक खपाचा ट्रक आहे.

मागचे पाटे : आराम आणि काम यांची पहिली झटापट मागच्या चाकांवर होते. पिकअपला परंपरेने मागे कमानपाटे असतात. एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या भार पेलतात आणि आसही जागेवर धरून ठेवतात. त्या स्वस्त असतात आणि दुरुस्ती कुठेही होते. अडचण अशी, की त्यांचा ताठपणा भरलेल्या गाडीच्या हिशेबाने ठरवलेला असतो. मोकळी गाडी खड्ड्यावरून उडते, वळणावर मागची बाजू हलकी पडते. माल भरला की तीच गाडी शहाण्यासारखी चालते. घरगुती मालकाची गाडी तर बहुतेक दिवस मोकळीच असते.

यावर २००९ च्या ‘डॉज रॅम १५००’ने मागे गुंडाळीच्या स्प्रिंगा घातल्या. मोठ्या पिकअपच्या बाजारात तेव्हा हे धाडस होते. अशा स्प्रिंगा मोकळ्या गाडीला मऊ चाल देतात, पण जड भाराखाली गाडीची मागची बाजू लवकर दबते. म्हणून २०१३ पासून त्याच गाडीत हवेच्या स्प्रिंगांचा पर्याय आला. वजन वाढले की त्यांत हवा भरून गाडी पुन्हा समपातळीत येते, आणि म्हाताऱ्या माणसाला चढायचे असेल तर ती खालीही बसते. टोयोटाने ‘टुंड्रा’ (२०२२) व ‘टॅकोमा’ (२०२४) यांत पाटे सोडले. मात्र टॅकोमाच्या सर्वांत साध्या, कामाच्या म्हणून घेतल्या जाणाऱ्या आवृत्त्यांत पाटेच ठेवले. कोणती गाडी माल वाहणार आणि कोणती मिरवणार, याचा कंपनीने स्वतःच दिलेला हा निवाडा समजावा. फोर्ड ‘एफ-१५०’च्या बहुतेक आवृत्त्या आणि शेव्हरलेट ‘सिल्व्हराडो १५००’ आजही पाट्यांवर आहेत.

वजनाचा हिशेब : जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापतात ती ओढण्याची क्षमता, काम ज्यावर अडते ती वाहून नेण्याची क्षमता. गाडीचे कमाल मान्य एकूण वजन ठरलेले असते. त्यातून गाडीचे स्वतःचे वजन वजा जाता जे उरते तेवढाच भार टाकता येतो, आणि त्या भारात माणसेही मोजायची असतात. सरकते काचेचे छत, विजेवर हलणारी आसने, मोठी चाके, चारही चाकांना शक्ती देणारी यंत्रणा यांतील प्रत्येक वस्तूचे वजन या उरलेल्या आकड्यातून कापले जाते. त्यामुळे एकाच नावाच्या गाडीची सर्वांत महाग आवृत्ती पुष्कळदा साध्या आवृत्तीपेक्षा कमी माल नेते.

उदाहरणार्थ, मान्य वजन ३,२०० किलो आणि गाडी स्वतः २,४५० किलोची असेल, तर उरले ७५० किलो. त्यात चार माणसांचे ३२० गेले. मागे २,५०० किलोचा ट्रेलर जोडला, तर त्याच्या वजनाचा १० ते १५ टक्के भाग जोडणीच्या आकड्यावर (हुकावर), म्हणजे गाडीवरच येतो. तो ३०० धरू. हौद्यात टाकायला १३० किलो राहिले. ट्रेलर ओढण्याची क्षमता कागदावर चार टन असली तरी गाडीची मर्यादा इथेच संपते. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाडीत चालकाचे दार उघडले की दाराच्या चौकटीवर एक छोटी पट्टी दिसते. माणसे आणि माल मिळून किती, हे तिच्यावर किलो व पौंडांत लिहिलेले असते. विक्रेत्याच्या बोलण्यापेक्षा ती पट्टी वाचलेली बरी. २०२१ च्या एफ-१५० मध्ये वजनकाट्याची सोय पर्याय म्हणून आली. माल चढत जातो तसे मागच्या दिव्यांतील ठिपके एकेक करून उजळतात.

ओढण्याच्या आकड्यांत पूर्वी प्रत्येक कंपनीचे आपले गणित असे. ओढण्याची क्षमता मोजण्याची एकच पद्धत ठरवणाऱ्या ‘जे-२८०७’ या मानकामुळे त्याला शिस्त आली. टोयोटाने ते २०११ च्या गाड्यांपासून आधी पाळले, इतरांनी काही वर्षांनी. ॲरिझोनातील डेव्हिस धरणाजवळचा सुमारे १८ किलोमीटरचा चढ हा त्यातील चाचणीचा आधार आहे. तापमान किमान ३८ अंश सेल्सिअस, मागे ट्रेलर, आणि वातानुकूलन पूर्ण जोरात चालू ठेवून हा चढ ठरलेल्या किमान वेगाने चढावा लागतो. चालकाचा गारवा बंद करून मिळवलेली ताकद या मानकात धरली जात नाही.

वजन वाचवण्याचा सर्वांत मोठा प्रयोग २०१५ च्या एफ-१५० चा. सांगाडा पोलादी ठेवून वरचा सारा पत्रा ॲल्युमिनियमचा केला आणि गाडी ३१८ किलोपर्यंत हलकी झाली. वाचलेल्या वजनाचा काही भाग क्षमतेत, काही सुखसोयींत गेला.

हौद्याची लांबी : जुना पिकअप म्हणजे लांब हौदा आणि दोन-तीन माणसांची केबिन. आता चार दारे व ऐसपैस मागचे आसन हवे, आणि गाडी गॅरेजमध्येही मावली पाहिजे; साहजिकच आठ फुटांचा हौदा साडेपाच फुटांवर आला. आठ बाय चारचा प्लायवूडचा तक्ता त्यात मावत नाही, फाळका पाडून बाहेर काढावा लागतो. ही उणीव झाकण्यासाठी नाना युक्त्या निघाल्या : जनरल मोटर्सचा अनेक ठिकाणी दुमडणारा फाळका, शेव्हरलेट ‘ॲव्हलांच’ची (२००१) केबिन आणि हौदा यांच्यामधली पाडता येणारी भिंत. केबिनमध्येही कामाची जागा तयार झाली. २०२१ च्या एफ-१५० मध्ये गिअरचा दांडा आत दुमडतो आणि तिथे कागद, लॅपटॉप ठेवण्यापुरते टेबल उघडते. याच गाडीच्या हायब्रिड आवृत्तीतून ७.२ किलोवॉटपर्यंत वीज घेता येते. करवत आणि वेल्डिंग यंत्रासाठी केलेल्या या सोयीवर फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासच्या हिमवादळात काहींनी आपली घरे चालवली. कामासाठी केलेली सोय घरच्या आरामालाही उपयोगी पडली, असे हे दुर्मीळ उदाहरण.

विद्युत पिकअपने (फोर्ड ‘एफ-१५० लाइटनिंग’, २०२२) शांत चाल, मागच्या दोन्ही चाकांना स्वतंत्र निलंबन (सस्पेन्शन) आणि इंजिनाच्या जागी ४०० लिटरची पेटी दिली. पण जड ट्रेलर ओढताना तिचा पल्ला निम्म्यावर येतो. होंडाची ‘रिजलाइन’ (२००५) आणि फोर्डची ‘मॅव्हरिक’ (२०२२) यांनी वेगळा सांगाडाच सोडून मोटारीसारखी एकसंध रचना घेतली. कडवे ट्रकवाले त्यांना नाके मुरडतात. वास्तविक मॅव्हरिक सुमारे ६८० किलो वाहते, आणि शहरातल्या बहुतेक मालकांची गरज त्याहून मोठी नसते.

भारतातील स्थिती : पुण्यात घडलेली ‘टाटामोबाइल’ (१९८८) ही या वाटेवरची महत्त्वाची गाडी, तिच्याच पायावर ‘टाटा सिएरा’ (१९९१) ही मोटार उभी राहिली. पुढे इसुझूची ‘व्ही-क्रॉस’ (२०१६) आणि टोयोटाची ‘हायलक्स’ (२०२२) या आरामदायी, चार दारांच्या गाड्या आल्या, पण त्यांचा वर्ग हौशी लोकांचाच राहिला. रस्त्यावर राज्य आहे ते महिंद्राच्या ‘बोलेरो पिकअप’सारख्या गाड्यांचे. इथे गाडी घेणारा फेऱ्यांचा आणि डिझेलचा हिशेब पाहतो. चालवणारा बहुधा पगारी ड्रायव्हर असतो, किंवा हप्ते फेडणारा मालक स्वतः. म्हणून आराम शेवटी येतो. अनेक जण नवी गाडी आधी गॅरेजमध्ये नेऊन मागे एक-दोन पाटे वाढवून घेतात. त्याने गाडी दबत नाही, एवढेच. ब्रेक, टायर आणि पासिंगचे वजन होते तेवढेच राहते, आणि मोकळ्या फेरीत ड्रायव्हरची कंबर आणखी मोडते.

बदल मात्र सुरू झाला आहे. २०२३ च्या ‘बोलेरो मॅक्स पिकअप’मध्ये दोन टनांपर्यंत भार, सुमारे दहा फुटांचा हौदा आणि सोबत उंची कमी-जास्त करता येणारे चालकाचे आसन मिळू लागले. ट्रकांच्या केबिनमध्ये वातानुकूलन बसवणे केंद्र सरकारने २०२५ पासून बंधनकारक केले. परंतु तो नियम ३.५ टनांहून अधिक एकूण वजनाच्या मालवाहू वाहनांसाठी आहे आणि बहुतेक पिकअप या मर्यादेच्या आत असल्याने त्यांना तो लागू होत नाही.